गाईड मिटा, लीळा मोठ्यानं वाचा

वाचकाचं पत्र

सप्रेम नमस्कार. मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात आरोग्यसेविका आहे. वय ४९. बी. ए. लग्नानंतर बाहेरून केलं. वाचनाची आवड लहानपणापासून. मुलगी नोकरीला लागली तेव्हा तिनंच हट्टानं माझा मुक्त शिक्षणातला एम. ए. मराठीचा फॉर्म भरला. रविवारी अभ्यासकेंद्रावर जाते. वर्गात सगळ्यांत मोठी मीच. बाकीची मुलं पंचविशीच्या आतली, बहुतेक स्पर्धा परीक्षा देणारी.

लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ मला फार आवडलं. पण चक्रधरस्वामींच्या आठवणींचं जुन्या मराठीतलं ‘लीळाचरित्र’ उघडलं की दोन पानांत डोळे मिटतात. नामदेव ढसाळांच्या ‘गोलपिठा’ या कवितासंग्रहातल्या निम्म्या ओळी कळत नाहीत, आणि ते पुस्तक घरात उघड्यावर ठेवायचा संकोच वाटतो. गृहपाठात ‘स्मृतिचित्रे’तल्या सोवळ्यावर प्रश्न होता. मी मनापासून लिहिलं. सासूबाईंचं सोवळं, पाळीच्या दिवसांत आमच्या घरात वेगळं बसावं लागायचं ते, सगळं. मला दहापैकी चार गुण. शेजारच्या मुलानं गाईडमधून उतरवलं, त्याला आठ. समंत्रक (केंद्रावर शिकवणारे शिक्षक) म्हणाले, “मॅडम, मुद्दे नाहीत.” घरी यजमान विचारतात, या वयात एम. ए. करून प्रमोशन मिळणार आहे का?

कोर्स सोडावा आणि वाचनालयातून हवी ती पुस्तकं आणून वाचावीत, असं वाटायला लागलंय. शिवाय पुढच्या वर्षी लोकसाहित्य आणि दलित साहित्य यांतला एक विषय निवडायचा आहे. जात्यावरच्या ओव्या मला पाठ आहेत, म्हणून सगळे म्हणतात लोकसाहित्य घे, सोपं जाईल. काय करू?

उत्तर

ताई, नमस्कार.

कोर्स सोडू नका. कारण सरळ आहे. हवी ती पुस्तकं तुम्ही आजवर वाचतच आला आहात, त्यासाठी कुठल्या विद्यापीठाची गरज नव्हती आणि पुढेही लागणार नाही. पण एकट्यानं आपल्या मनानं निवडत गेलं की आपण आपल्यासारख्या माणसांच्या पुस्तकांकडेच वळतो. ज्यात आपली सासू सापडते, आपलं माहेर सापडतं, आपलं दुखणं सापडतं, ते पुस्तक आपलं वाटतं. त्यात वाईट काही नाही, वाचनाची गोडी तशीच लागते. अभ्यासक्रमाचं काम मात्र वेगळं आहे. जे पुस्तक तुम्ही आपणहून कधीच हातात घेतलं नसतं, त्याच्यापाशी तो तुम्हाला चार-सहा महिने बसवून ठेवतो. तुमच्या पत्रात कंटाळा आणि संकोच ज्या दोन पुस्तकांबद्दल आहे, माझ्या मते तुमची फी नेमकी त्या दोन पुस्तकांसाठीच सत्कारणी लागते आहे.

मी अभ्यासकेंद्रावर शिकवलं आहे. प्रौढ वयात साहित्य शिकायला येणाऱ्यांचं मोठं बळ मी तिथं पाहिलं: त्यांनी जगणं पाहिलेलं असतं. वीस वर्षांच्या मुलाला बाळंतपण, कर्ज, मरण, जावेचा मत्सर हे सगळं पुस्तकातून समजून घ्यावं लागतं, तुम्हाला नाही. पण तेच बळ आड येतानाही मी पाहिलं आहे. वाचणारा प्रत्येक पानावर स्वतःलाच शोधतो, आणि जिथं स्वतः सापडत नाही तिथं पुस्तक मिटतो. तुमच्या गृहपाठातही असंच काहीसं झालं असावं. त्याकडे मी येतेच, आधी ‘लीळाचरित्र’.

या पुस्तकाबद्दल मला जरा सविस्तर सांगू द्या. ते अवघड म्हणून बाजूला पडतं आणि विद्यार्थी फक्त त्याच्यावरचे मुद्दे पाठ करतात, याचं मला मनापासून दुःख होतं. २०२४ च्या ऑक्टोबरात मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा या ग्रंथाचं नाव सगळ्यांच्या तोंडी होतं. ते नाव घेणाऱ्यांनी त्यातली एक तरी लीळा, म्हणजे चक्रधरस्वामींच्या आयुष्यातला एखादा प्रसंग, वाचावी, अशी माझी फार इच्छा आहे.

तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात, देवगिरीच्या यादवांच्या काळात, महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी शिष्यांना सोडून निघून गेल्यावर रिद्धपूरला (आज ते अमरावती जिल्ह्यात येतं) नागदेवाचार्यांच्या भोवती शिष्यमंडळी जमली. त्यांच्यातल्या म्हाइंभटांनी ठरवलं की स्वामींच्या आठवणी लिहून काढायच्या. ज्यांनी ज्यांनी स्वामींना पाहिलं होतं, त्यांच्याकडे ते गेले. कुठं थांबले होते, कोण भेटलं, कोणी काय विचारलं, स्वामी काय म्हणाले, हे विचारून विचारून उतरवलं. आठवण वेगळी असेल तर तीही नोंदली. तुम्ही गृहभेटीला जाता, ओट्यावर बसून ऐकता आणि वहीत लिहिता, तसंच हे काम. म्हणूनच या ग्रंथात ओवी नाही, अलंकार नाही, लहान लहान वाक्यांतलं बोलकं गद्य आहे. मराठीतलं इतकं जुनं आणि इतकं मोठं गद्य दुसरं नाही.

दोन पानांत झोप येते त्याचं कारण, तुम्ही ते कादंबरीसारखं पुढे पुढे वाचायला जाता आहात. त्याची बांधणी तशी नाही. एकेक लीळा स्वतंत्र आहे, काही तर चार-पाच ओळींच्या. रोज एकच वाचा, आणि मोठ्यानं वाचा. वाक्यांमध्ये जिथं विसर्गासारखी दोन टिंबं दिसतात तिथं थांबा, तो श्वास घ्यायचा थांबा आहे. डोळ्यांना परकी वाटणारी पुष्कळ रूपं कानाला ओळखीची लागतात. तुमच्या भागातल्या म्हाताऱ्या बायका बोलतात त्यात यातलं काही ना काही सापडेल.

दुसरं म्हणजे वहीत शब्दांचं एक पान करा. या ग्रंथात स्वामींची दिनचर्या पुन्हा पुन्हा येते, त्यामुळे तेच शब्दही पुन्हा पुन्हा येतात. ‘गोसावी’ म्हणजे स्वतः चक्रधर. ‘आरोगणा’ म्हणजे जेवण, ‘पहुड’ म्हणजे निजणं, ‘उपहुड’ म्हणजे झोपून उठणं, ‘बिढार’ म्हणजे मुक्कामाची जागा, ‘तवं’ म्हणजे तेवढ्यात. असे तीसेक शब्द हाती आले की लीळा उलगडायला लागतात. अडलंच तर शं. गो. तुळपुळे आणि ॲन फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा कोश आहे, १९९९ सालचा. अर्थ इंग्रजीत आहेत, पण तुमची मुलगी मदत करेल. मोल्सवर्थचा कोश आणि दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ तर शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट पाहता येतात, मोबाइलवरसुद्धा. अभ्यासक्रमाला निवडक लीळा असतील, तरी वाचनालयात तुळपुळ्यांनी किंवा वि. भि. कोलते यांनी संपादित केलेली पूर्ण आवृत्ती मिळते का बघा. आजूबाजूच्या लीळा वाचल्या की नेमलेली लीळा एकटी पडत नाही.

आता तुम्हालाच सांगावी अशी एक गोष्ट. या ग्रंथात बाईच्या पाळीचा प्रश्न येतो. स्वामींचं म्हणणं थोडक्यात असं: नाकाला शेंबूड येतो, डोळ्यांना चिपडं येतात, कानात मळ होतो, तसाच हाही शरीरातून वाहणारा एक धातू. तो वाहतो आणि थांबतो. त्याचा विटाळ धरू नये. किशोरी मुलींसमोर बसून तुम्ही आज जे समजावता, ते सातशे वर्षांपूर्वी मराठीत लिहून ठेवलेलं आहे. तुम्ही हे वाचाल तेव्हा झोप उडेल, याची मला खात्री आहे.

पण इथंच थोडं सावध राहा, कारण मघाशी म्हणाले ती आड येणारी गोष्ट इथंच आड येते. हे वाचून “स्वामी किती आधुनिक!” असं म्हणून पुस्तक बंद करणं फार सोपं आहे. चक्रधर आरोग्यशिक्षण देत नव्हते. ते संन्यासमार्गाला लागलेल्या माणसांशी बोलत होते. घर सोडा, नात्यागोत्याचा पाश तोडा, भिक्षा मागून खा, महाराष्ट्रातच राहा, असं सांगणारा तो माणूस आहे. शरीराचा विटाळ तो मानत नाही, आणि त्याच शरीराच्या सुखाची, घराची, लेकराबाळांची ओढही सोडायला सांगतो. हे दुसरं तुम्हाला पटणार नाही. बायकांच्या सुखरूप बाळंतपणासाठी राबण्यात तुमची उमेदीची वर्षं गेली, तुम्हाला ते पटू नयेच. तिथं थांबा. न पटणारं नीट समजून घ्यायला लागाल तेव्हा या ग्रंथाचा अभ्यास सुरू होईल. महदाइसा नावाची शिष्या यात सारखी प्रश्न विचारते. तिच्या लीळा आधी वाचा. मराठीतली पहिली कवयित्री म्हणून तिचंच नाव घेतात. तिचे प्रश्न आणि तुमचे प्रश्न कुठं वेगळे होतात, ते वहीत लिहा.

याच्या शेजारी मला सोयराबाईंचा अभंग ठेवायचा आहे. सोयराबाई म्हणजे चोखोबांच्या घरच्या. मंगळवेढ्याला कुसू कोसळून चोखोबा गेले ते १३३८ साली, आणि मंगळवेढं तुमच्याच जिल्ह्यातलं. ‘देहासी विटाळ म्हणती सकळ’ अशी सुरुवात करून त्या विचारतात, ‘देहींचा विटाळ देहींच जन्मला, सोवळा तो झाला कवण धर्म’. आणि पुढे म्हणतात की विटाळावाचून उत्पत्तीचं ठिकाण नाही. प्रसूतीच्या खोलीत उभ्या राहिलेल्या बाईला या ओळी समजावून सांगाव्या लागत नाहीत. तरी चक्रधरांचं बोलणं आणि सोयराबाईंचं बोलणं यांत फरक आहे. चक्रधर विटाळ नाकारतात ते सगळं सोडून निघालेल्या माणसाच्या जागेवरून. सोयराबाईंना विटाळ चिकटवला होता तो जन्मानं, जातीनं, आणि तो सोडून कुठं जाता येत नव्हतं. प्रश्न एकाच शब्दाभोवती फिरतो, पण विचारणाऱ्याचं आयुष्य निराळं असल्यामुळे त्याची धारही निराळी होते.

मग ‘स्मृतिचित्रे’. लक्ष्मीबाई टिळकांच्या वडिलांचं सोवळं तुम्हाला आठवतच असेल, त्यानं सगळं घर वेठीला धरलेलं. लक्ष्मीबाई त्या घराचं वर्णन करताना वडिलांना दोष देत बसत नाहीत. आपल्याला हसू येतं, आणि हसता हसता लक्षात येतं की त्या घरातली लेकरं रडकुंडीला आली आहेत. स्वतः लक्ष्मीबाईंची सोवळ्याची सवयही एका रात्रीत जात नाही. नवऱ्यानं धर्म बदलला, पुढे त्यांनीही बदलला, तरी ती हळूहळूच गळते, आणि ते त्या लपवत नाहीत. शाळेत न गेलेल्या, १८६८ साली जन्मलेल्या बाईनं साठीच्या घरात हे लिहिलं. यजमान वयाचं बोलले तर त्यांना एवढं जरूर सांगा.

सुमारे तेराव्या, चौदाव्या आणि विसाव्या शतकातली ही तीन माणसं एकाच गोष्टीबद्दल बोलताहेत. तुम्ही त्यांना एकेकटं वाचलं असतंत तर ती एकमेकांना भेटली नसती. जुन्या आणि नव्या साहित्याचा अभ्यास एका कोर्समध्ये असतो तो एवढ्यासाठी. आपली संवेदना नवी आहे असं वाटत असताना कळतं की भांडण फार जुनं आहे, आणि जुन्यांची उत्तरं एकसारखी नव्हती.

आता गृहपाठ. ज्या मुलाला आठ गुण मिळाले त्याच्या उत्तराचं मला कौतुक नाही. गाईडमधले ‘आत्मचरित्राचे विशेष’ कुठल्याही आत्मचरित्राला जोडता येतात, कारण त्यांत ते आत्मचरित्र नसतंच. पण ताई, तुमचं उत्तर न वाचताही पत्रावरून मला असं वाटतं की समंत्रकांचं म्हणणं अगदीच चूक नसावं. प्रश्न पुस्तकातल्या सोवळ्याबद्दल होता, तुम्ही लिहिलंत ते तुमच्या घरातल्या सोवळ्याबद्दल. ते खरं होतं, मोलाचं होतं, पण परीक्षकाला त्यात लक्ष्मीबाई सापडल्या नाहीत.

पुढच्या वेळी असं करून बघा. प्रश्न वाचल्यावर पुस्तकातला एकच प्रसंग उघडा. तिथं काय घडतं ते दोन वाक्यांत लिहा. मग ते कसं सांगितलं आहे ते लिहा: कोणाच्या नजरेतून, हसत की चिडून, काय सांगितलं आणि काय सांगायचं टाळलं. एखादं वाक्य अवतरणात जसंच्या तसं द्या. त्यानंतर म्हणा की यावरून मला असं वाटतं. तुमच्या आयुष्यातला अनुभव तुम्हाला तो प्रसंग शोधून देईल, तुमचं लक्ष कुठं जायला हवं ते दाखवेल. उत्तरपत्रिकेत मात्र तो एका वाक्यापेक्षा जास्त नको. सासूबाईंबद्दलचं ते सगळं लिखाण फेकू नका. त्याची वेगळी वही करा. त्याचं पुढे काय होईल सांगता येत नाही, पण ते गृहपाठात कोंबायच्या लायकीचं नाही, त्याहून मोठं आहे.

गाईडबद्दल माझं मत स्पष्ट आहे: मूळ पुस्तक वाचून, स्वतःचं मत चार ओळींत लिहून झाल्याशिवाय ते उघडू नका. त्यानंतर उघडलंत तर हरकत नाही. परीक्षेत ‘स्वरूप स्पष्ट करा’ म्हणजे काय अपेक्षित असतं, टीप किती लांबीची हवी, हे त्यातून कळतं, आणि तेही एक कसब आहे, शिकायला हवं. विद्यापीठाची स्वयंअध्ययनाची पुस्तिका त्याहून जास्त विश्वासाची, ती आधी वाचा. मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका केंद्रावर मागा. महिन्यातून एकदा घड्याळ लावून एक उत्तर हातानं लिहा. आपल्या वयात बोटं दुखतात, तीन तास लिहायची सवय गेलेली असते, आणि पुष्कळ चांगले प्रौढ विद्यार्थी आशयात कमी न पडता वेळेत कमी पडतात.

वर्गात तुम्ही गप्प बसता, असं तुम्ही लिहिलेलं नाही, पण मला तसं वाटलं. ते बदला. प्रौढांच्या साहित्यवर्गाची, खरं तर कुठल्याही प्रौढ वर्गाची, मला ठाऊक असलेली सगळ्यांत चांगली रीत इंग्लंडमधली. १९०८ साली रॉचडेल आणि लाँगटन या कामगारवस्तीच्या गावांत आर. एच. टॉनी यांनी वर्ग सुरू केले. विषय आर्थिक इतिहासाचा. दोन तासांचा वर्ग, त्यातला एक तास शिक्षकानं बोलायचं आणि उरलेला तास विद्यार्थ्यांनी. गिरणीतले, भांडी बनवणाऱ्या कारखान्यांतले लोक कामावरून यायचे आणि शिक्षकाला आडवे प्रश्न विचारायचे. पुढे साहित्याचे वर्गही याच वाटेनं गेले. तुमच्या समंत्रकांना विनंती करा: रविवारच्या सत्रातली शेवटची वीस मिनिटं एका उताऱ्याला द्या. उतारा तुम्ही वाचा, मोठ्यानं. पाळीची ती लीळा वर्गात वाचून दाखवायला तुमच्याइतकं योग्य माणूस तिथं दुसरं कुणी नाही. त्या विषयावर न संकोचता बोलायची तुम्हाला रोजची सवय आहे. ती मुलं सुरुवातीला खाली बघतील, मग बोलायला लागतील. त्यांच्यातलाच एखादा तुमच्याशी वाद घालेल. तो तुम्हाला हवा आहे, कारण एकट्यानं वाचताना आपल्याला खोडणारं कुणी नसतं.

यजमानांच्या प्रश्नाला फार मोठं उत्तर नको. प्रमोशन मिळणार नाही, हे मान्य करा आणि पुढे चला. त्यांच्यापाशी बसून एखादी लीळा वाचलीत तर तेही ऐकतील अशी मला आशा आहे. घरकाम, ड्यूटी आणि अभ्यास हे एका वर्षात जमत नसेल तर विषय विभागून घ्या. मुक्त शिक्षणात दोन वर्षांचा अभ्यासक्रम जास्त वर्षांत पुरा करायची सोय साधारणपणे असते, इग्नूत (इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठात) तर एम. ए.ला चार वर्षं मिळतात. तुमच्या माहितीपुस्तिकेत मुदत किती आहे ते बघा. लसीकरणाच्या मोहिमा आणि परीक्षा एकाच महिन्यात येत असतील तर एक विषय मागे ठेवण्यात कमीपणा नाही.

हे पत्र वाचून आणखी कुणाला असा कोर्स करावासा वाटला तर एवढंच सांगते: नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे, इग्नू १९८५ पासून, आणि राज्यातल्या इतरही काही विद्यापीठांत दूरशिक्षण विभाग आहेत. प्रवेश घेण्याआधी त्या वर्षासाठी, त्या विशिष्ट अभ्यासक्रमाला विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दूरशिक्षण विभागाची मान्यता आहे का ते आयोगाच्या संकेतस्थळावर स्वतः पाहा. एजंटच्या शब्दावर जाऊ नका. पदवी नको, फक्त शिकायचं आहे, असं असेल तर इग्नूच्या पुस्तिका ‘ई-ज्ञानकोश’वर विनामूल्य वाचता येतात. तिथं इंग्रजी आणि हिंदी साहित्यावरचं उत्तम साहित्य आहे.

परत तुमच्याकडे येते. ‘गोलपिठा’.

नामदेव ढसाळांचा हा संग्रह १९७२ चा. त्याला विजय तेंडुलकरांची प्रस्तावना आहे, ती आधी वाचा. तेंडुलकर तेव्हा मराठीतले मोठे नाटककार होते, मुंबईत वर्षानुवर्षं राहिलेले. तरी या कवितांमधले शब्द त्यांना कळेनात, म्हणून ते ढसाळांबरोबर गोलपिठ्यात, म्हणजे मुंबईतल्या त्या वेश्यावस्तीत, फिरले आणि अर्थ कवीलाच विचारले. तेव्हा तुम्हाला निम्म्या ओळी कळत नाहीत यात तुमची उणीव काही नाही. ती भाषा तुमच्या-माझ्या घरात कधी येऊ दिली गेली नाही, म्हणून ती कळत नाही. ढसाळांनी त्या भाषेला कवितेत आणलं ते आपल्याला धक्का देण्यापुरतं नव्हे. त्या वस्तीतलं दुःख धुतलेल्या, स्वच्छ भाषेत सांगताच येत नव्हतं. सोवळं भाषेलाही असतं. घरात पुस्तक उघड्यावर ठेवायचा संकोच वाटतो म्हणता. तो संकोच कुठून येतो ते स्वतःला विचारा. चक्रधर, सोयराबाई आणि लक्ष्मीबाई वाचून झाल्यावर तुम्हाला ते उत्तर अवघड जाणार नाही. माझा सल्ला: पुस्तक टेबलावर ठेवा. मुलगी घरी आली की तिला एखादी कविता वाचून दाखवा, आणि नाही कळलं तिथं दोघी मिळून थांबा.

म्हणूनच पुढच्या वर्षी दलित साहित्य घ्या. लोकसाहित्य वाईट म्हणून नव्हे. ओव्या मला तुमच्याइतक्याच प्रिय आहेत. पण त्या तुमच्या तोंडात आहेत, तुमच्या गावच्या बायकांच्या तोंडात आहेत, आणि कोर्स नसला तरी त्या तुमच्यापासून कुणी नेणार नाही. हेमा राइरकर आणि गी पॉइटवँ यांनी गावोगावी जाऊन एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या, त्यांतल्या पुष्कळ आता ‘पारी’च्या (‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’च्या) संकेतस्थळावर गाणाऱ्या बाईच्या नावागावासह ऐकायला मिळतात. तुम्ही गृहभेटीला जाल तेव्हा एखादी आजी गात असेल तर तिला विचारून फोनवर आवाज घ्या, तिचं नाव, गाव आणि तारीख लिहा. त्याला परीक्षा लागत नाही. दलित साहित्य मात्र तुम्ही एकट्यानं वाचायला घेतलंत तर पहिल्या अडचणीला सोडून द्याल, हे तुमच्याच पत्रावरून दिसतं. तिथं तुम्हाला वर्ग हवा, शिक्षक हवा, वाद घालणारी मुलं हवीत.

सुरुवात बेबीताई कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’नं करा, १९८६ चं पुस्तक. बेबीताई फलटणच्या. घरचं छोटं दुकान चालवताना पुड्या बांधायला आणलेल्या रद्दीचे कागद त्या वाचायच्या, पुढे वाचनालय लावलं, आणि घरच्यांपासून लपवून वर्षानुवर्षं लिहीत राहिल्या. महारवाड्यातल्या कोवळ्या पोरींची बाळंतपणं त्यात आहेत: उपाशी पोटी, अडाणी उपाय सोसत, कुणी जगलेल्या तर कुणी गेलेल्या. ती पानं वाचताना तुमची आरोग्यसेविकेची नजर जागी होईल, होऊ द्या, पण तिथून पुढे जा. त्या पोरींना सुईण मिळाली असती, औषध मिळालं असतं, तरी काय काय तसंच राहिलं असतं, ते बेबीताई सांगतात. त्याच वहीत, महदाइसेच्या प्रश्नांखाली, त्याची नोंद करा. मग दया पवारांचं ‘बलुतं’, आणि ‘गोलपिठा’ त्यानंतर पुन्हा.

विषय निवडीचा फॉर्म मुदतीच्या आत भरा, शेवटच्या दिवशी संकेतस्थळ चालत नाही. आणि पुढचा गृहपाठ लिहून झाला की त्याची एक प्रत मला पाठवा. प्रसंग कोणता निवडलात ते मला बघायचं आहे.